इंजिन बदललं म्हणजे गाडी संपली का?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पत्र लांबलं आहे, मला ठाऊक आहे. कापायचं असेल तर अहमदाबादचा मजकूर कापा, पण जीपची हकिकत राहू द्या. ती छापून यावी म्हणूनच लिहायला बसलो.

मी मोटर मिस्त्री. हिंगणघाट तालुक्यातल्या एका फाट्यावर एकेचाळीस वर्षं गॅरेज चालवलं. गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हा पाने-पेचकस पुतण्याच्या हवाली केले. आता सकाळी टपरीवर चहा आणि तुमचा पेपर. आधी कापसाचा भाव, मग निधनवार्ता, मग वाचकांची पत्रं. याच क्रमानं वाचतो.

मुलगा अहमदाबादला एका कारखान्यात आहे. दरवर्षी बोलावतो, दरवर्षी काहीतरी आडवं येतं. यंदा फरदड (कापसाचा शेवटचा हंगाम) आटोपली आणि आम्ही दोघं हिंगणघाटहून नवजीवन एक्स्प्रेसनं निघालो. गांधीजी साबरमती सोडून शेवटी आमच्या वर्ध्याकडे आले, आम्ही वर्ध्याकडून साबरमतीला चाललो, असं मी सौभाग्यवतींना म्हटलं. त्यांनी डब्यातली पोळी पुढे केली. त्यांना माझे विनोद पाठ आहेत.

आश्रम पाहिला, नदीकाठ पाहिला. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या कामाची जागा दाखवतो." शहराच्या पूर्वेला कठवाडा आहे, तिथं दस्तान इस्टेटमध्ये ऑटो वर्ल्ड नावाचं जुन्या मोटारींचं संग्रहालय आहे. प्राणलाल भोगीलाल या उद्योगपतींनी आयुष्यभर जमवलेल्या गाड्या. शंभरावर मोटारी एका जागी. रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर, मर्सिडीज, मेबॅक, पॅकार्ड, कॅडिलॅक, लिंकन, ब्यूक. यातली निम्मी नावं मी आमच्या उस्तादांच्या तोंडून ऐकली होती. उरलेली त्यांनीही ऐकली नसावीत.

लोक मोटारी समोरून पाहतात. चकाकणारं रेडिएटर, त्यावरची पुतळी, मागे उभं राहून फोटो. मी खाली वाकून पाहतो. सवय आहे. पुढचा दांडा (ॲक्सल) कसा आहे, पाटे किती, किंगपिनला ग्रीस लागलेलं दिसतं का, चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, कुठं वेल्डिंग आहे का. एका मोटारीसमोर मी असा बसलो की गुडघ्यामुळे उठता येईना. तिथला माणूस धावत आला. "काका, कुछ गिर गया क्या?" मी म्हटलं, नाही बाबा, गिअरपेटी पाहून राहिलो. तो हसला आणि हात देऊन उठवलं. पुढं दहा मिनिटं माझ्यासोबतच फिरला.

नातू सात वर्षांचा. त्यानं विचारलं, "आबाजी, ह्या सगळ्या तुम्ही दुरुस्त केल्या का?" मी नाही म्हणालो तेव्हा त्याचा चेहरा पडला. मग त्याला हँडल दाखवलं. मोटारीच्या नाकातून बाहेर आलेला वाकडा लोखंडी दांडा. सेल्फ नव्हता तेव्हा हे हँडल मारूनच इंजिन चालू करत. कॅडिलॅकनं १९१२ मध्ये विजेवरचा सेल्फ बसवला, पण आमच्याकडच्या कितीतरी ट्रक-जीपचं हँडल मी शिकाऊ होतो तोवर सीटखाली असायचंच. बॅटरी बसली की तेच कामी यायचं. हँडल मारताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका मारतं आणि अंगठा जागेवर मोडतो. उस्तादांचा अंगठा असाच वाकडा होता. मला पहिल्या दिवशी म्हणाले होते, "अंगठा बाजूले ठेव बे पोट्ट्या, नाहीतर स्वतःच्या लग्नात हार डाव्या हातानं घालशीन."

सौभाग्यवतींनी एका भल्या मोठ्या मोटारीच्या काचेतून आत पाहिलं. मखमली गाद्या, खिडक्यांना पडदे, पुढे ड्रायव्हरपासून वेगळं करणारी काच. त्या एवढंच म्हणाल्या, "एवढ्या गाद्या, अन् बसाले कोणी नाही."

मला मात्र ब्यूक पाहायची होती. त्याचं कारण सांगतो.

आमच्या भागात मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी पद्धत, होती. १९५१ मध्ये ती गेली. मालगुजारांचे वाडे राहिले, हत्तीच्या साखळ्या राहिल्या, आणि एकदोन वाड्यांत मोटारी राहिल्या. उस्ताद तरुणपणी अशाच एका वाड्यातली मोटार सांभाळत. मी १९७४ मध्ये त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा ती गोठ्यात उभी होती. वर कुटाराचे ढीग. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत असे. टायर जमिनीला चिकटलेले. एके दिवशी वाड्यातून निरोप आला की गाडी कबाड्याला दिली, इंजिन उतरवून द्या. आम्ही दोन दिवस खपलो. तांबं-पितळ वेगळ्या भावानं जात होतं, म्हणून रेडिएटर मी खांद्यावर घेऊन वाड्याबाहेर आणलं. चौदा वर्षांचा होतो. खांद्याला त्याची कडा रुतली ती जागा मला आजही बोटानं दाखवता येते.

कंपनीचं नाव कुठंच राहिलं नव्हतं. कोणी ब्यूक म्हणे, कोणी डॉज. पण हेड उतरवताना उस्ताद म्हणाले होते, "पाय, याचे वॉल्व्ह वर हायेत." ही खूण मोठी आहे. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकन मोटारींचे वॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. फोर्डचे तसेच, डॉजचे तसेच, एवढ्या महागड्या पॅकार्डचेही तसेच. ब्यूक मात्र पहिल्यापासून वॉल्व्ह वर ठेवत आली, आणि शेवरोले. म्हणजे गोठ्यातली ती बहुधा ब्यूक होती, नाहीतर शेवरोले. पन्नास वर्षं मी हे कोडं मनात घेऊन फिरलो आणि ते सोडवायला अहमदाबादला जावं लागलं.

सुटलं का? अर्धं सुटलं. हात लावायचा नाही, म्हणून एका ब्यूकसमोर हवेतच वीत ताणून रेडिएटर मोजलं. रुंदी साधारण जुळली, पण खांद्यावरचं माप आणि डोळ्याचं माप सारखं नसतं. नातू म्हणाला, "आबाजी, तुम्ही गाडीले नमस्कार करून राहिले का?" मी हो म्हटलं. काय सांगणार.

तिथं जास्तीचे पैसे भरले की एखाद्या जुन्या मोटारीतून चक्करही मारता येते. मारली. मी गाडी पाहिलीच नाही, ड्रायव्हरचे पाय पाहत होतो. जुन्या गिअरपेट्यांत सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवणारं यंत्र, नसतं. तेही कॅडिलॅकनंच १९२८ मध्ये आणलं. ते नसेल तर गिअर बदलताना डबल क्लच मारावा लागतो. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, गरजेप्रमाणे रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. चुकलं तर पेटी अशी करकरते की रस्त्यावरची माणसं वळून पाहतात. त्या ड्रायव्हरनं चारदा गिअर बदलला आणि चारही वेळा पेटीनं आवाज केला नाही. उतरल्यावर मी त्याला रामराम केला. हे काम आता फार थोड्यांना येतं.

इथपर्यंत सगळं आनंदाचं. परत येताना गाडीत झोप लागेना तेव्हा डोकं फिरायला लागलं.

तिथली एकेक मोटार अस्सल ठेवलेली आहे. मूळ इंजिन, मूळ दिवे, मूळ हॉर्न. संग्रहालय म्हटलं की तसंच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण अस्सल म्हणजे काय, हे मिस्त्रीला विचाराल तर तो जरा डोकं खाजवेल. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण मोटार देतच नव्हती. चेसिस, इंजिन, रेडिएटर द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारखान्याकडून बांधून घ्यायचं. कोणाला शिकारीसाठी उघडी, कोणाला राणीसाहेबांसाठी पडद्याची. म्हणजे राजांच्या मोटारी दोन-दोन कारखान्यांत घडल्या, तरी अस्सल. आमच्या शेतकऱ्यानं जीपला दुसरं इंजिन लावलं की ती जुगाड.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पेपरात आले होते, मी कात्रण ठेवलं आहे. पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा माणसं नेणारी लहान चारचाकी असावी. ती मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार झालेला नसावा. अशा गाडीला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढं नूतनीकरणाला ५ हजार. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच काढायची.

नियम वाईट नाही. ज्यांच्याकडे आजोबांची फियाट धूळ खात होती त्यांची सोय झाली. पण माझ्या तालुक्यातल्या जुन्या गाड्या मी एकेक करून त्या चाळणीत टाकून पाहिल्या. ट्रक बाहेर, कारण तो माल नेतो. टाटानं मर्सिडीजच्या सहकार्यानं १९५४ पासून ट्रक काढले. म्हातारे ड्रायव्हर अजून त्यांना मर्सिडीजच म्हणतात. त्यांची लाकडी कॅबिन गावोगावच्या सुतारांनी बांधलेली असायची. तो बाहेर. बस बाहेर. ट्रॅक्टर बाहेर, साठच्या दशकात आलेला इंटरनॅशनल बी-२७५ आजही एका शिवारात फवारणीचं पाणी ओढतो. उरल्या जीप. जीप लहान चारचाकी आहे, पन्नास वर्षांवरच्याही आहेत. पण सबंध तालुक्यात मूळ इंजिनाची एकही जीप नाही. सगळ्यांची इंजिनं बदललेली, आणि त्यातली नऊ मी स्वतः बदललेली. म्हणजे कायद्याच्या भाषेत त्या गाड्यांचा इतिहास मीच पुसला.

आता जीपची हकिकत.

एका पाटलांची जीप होती, १९६८ ची, पेट्रोलची. १९७३ मध्ये जगात तेलाचा भाव भडकला त्याची झळ आमच्या फाट्यापर्यंत आली. लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी जीप शेतकऱ्याला परवडेना. काही वर्षं ती पाटलांच्या अंगणात लग्नाच्या मांडवासारखी नुसती उभी होती. १९८६ मध्ये त्यांनी विचारलं, "मिस्त्री, हिच्यात डिझेल बसन का?" मी बसेल म्हणालो. बसवलेलं कधी नव्हतं.

एका उलटलेल्या मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन मिळालं. अडचण अशी की मॅटाडोरच्या इंजिनाची भोकं आणि जीपच्या गिअरपेटीची भोकं एकमेकांना ओळखत नाहीत. मध्ये लोखंडी पट्टी घालावी लागते. एका अंगाला इंजिन, दुसऱ्या अंगाला पेटी. आणि इंजिनाचा क्रँक व पेटीचा शाफ्ट एका रेषेत यावे लागतात. अर्धा सूत जरी फरक पडला तरी सुरुवातीला काही कळत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांत क्लच प्लेट फाटते आणि मधलं बेअरिंग खाऊन टाकतं.

भोकं कशी घ्यायची? मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं. त्याचा पुठ्ठा गिअरपेटीच्या तोंडावर धरला आणि हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलके ठोकत गेलो. ग्रीसच्या डागांत एकेक भोक उमटलं. गॅस्केट कापायची हीच रीत. तसंच इंजिनाच्या बाजूचं. मग दोन्ही पुठ्ठे एकावर एक ठेवून मधल्या केंद्रात सागाची गोल काडी घातली, ती दोन्हीकडून सरळ जाते का पाहायला. तीन वेळा चुकलं. चौथ्या वेळी काडी अशी गेली जशी सुईत दोरा. हिंगणघाटच्या लेथवाल्याकडून पाच सूत जाडीच्या प्लेटवर तेच काढून घेतलं. इंजिनाखाली रबर हवं, ते ट्रकच्या फाटक्या टायरचं कापलं. रेडिएटर चार बोटं पुढं सरकवलं, त्यासाठी समोरची जाळी कापावी लागली. पाटील जाळीकडे पाहत राहिले, म्हणाले काही नाहीत.

अकराव्या दिवशी चालू झाली. आवाज असा की बाजारातल्या शेळ्या सुटल्या. चाळीसच्या वर स्टिअरिंग भुणभुणायचं. पण जीप चालली आणि पुढं तीस वर्षं चालली. निवडणुकीत चारी पक्षांची झाली. मृगाच्या आधी बियाणं आणायची, दसऱ्यानंतर कापसाच्या गठड्या.

एका पावसाळ्यात रात्री नाल्याला पाणी आलं. गावातली एक बाई अडली होती. पेट्रोलची दुसरी जीप अर्ध्या पाण्यात बंद पडली, कारण पाणी उडून डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरींवर बसलं की ठिणगी मरते. डिझेलला ना प्लग, ना ठिणगी. हवा ओढणाऱ्या नळीत पाणी शिरलं नाही तर ते इंजिन पाण्यातही धडधडत राहतं. आमची बदललेल्या इंजिनाची जीप गेली. बाई सेवाग्रामच्या दवाखान्यात पोहोचली, पोरगा झाला. तो आज तलाठी आहे आणि सात-बाराच्या उताऱ्याला मला तीनदा चकरा मारायला लावतो. त्याचा दोष नाही, त्याला कोण सांगणार.

तर सांगा, त्या जीपमध्ये मोठा फेरफार झाला म्हणून ती जुनी गाडी राहिली नाही का? फेरफार झाला नसता तर ती १९८६ मध्येच कबाड्याच्या काट्यावर गेली असती.

हे मी एकटाच म्हणत नाही. वर्ध्याची एक गोष्ट जुनी माणसं अजून सांगतात. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. त्याच शेगावचं नाव पुढं सेवाग्राम झालं. वर्ध्याहून रस्ता म्हणजे गाडरस्ता, पावसाळ्यात काळ्या मातीचा नुसता चिखल. जमनालालजी बजाजांकडे एक फोर्ड होती. त्या फोर्डला बैल जुंपले आणि ती चिखलातून ये-जा करू लागली. लोकांनी तिचं नाव ठेवलं ऑक्सफोर्ड. ऑक्स म्हणजे बैल, फोर्ड तर होतीच. आता सांगा, यापेक्षा मोठा इंजिन-बदल कोणी केला आहे? इंजिनाच्या जागी दोन बैल! त्या नियमात ही गाडी बसणार नाही, पण वर्धा जिल्ह्याचा मोटारीचा इतिहास सांगायचा तर पहिला मान तिचाच.

आणि गंमत म्हणजे ती ऑक्सफोर्ड अजून संपलेली नाही. आमच्याकडच्या टायरच्या बंड्या पाहा. लाकडी चाकं गेली आणि खाली आले भंगारातल्या जीपचे, ॲम्बेसिडरचे दांडे, हब, बेअरिंग. मी स्वतः कितीतरी बंड्यांना बसवून दिले. बैलांच्या मानेवरचा भार कमी होतो, ओल्या वावरातून गठड्या निघतात. ॲम्बेसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, हे वाचल्यावर मी गॅरेजात एकटाच हसलो होतो. बैलांची ऑक्सफोर्ड ती हीच.

रेल्वेचंही उदाहरण देतो. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला या छोट्या आगगाडीचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये काढून डिझेलचं लावलं. म्हणून कोणी म्हणालं का की आता ही शकुंतला नव्हे?

माझी मागणी मोठी नाही. कठवाड्यासारखं काही आमच्या तालुक्यात उभं राहणार नाही, राहूही नये. आमच्याकडे मखमली गाद्यांच्या मोटारी नाहीत. पण बंद पडलेल्या जिनिंगची टिनाची शेडं जागोजाग रिकामी आहेत. त्यातलं एखादं जिल्ह्यानं घ्यावं आणि त्यात बदललेल्या गाड्या ठेवाव्यात, बदलासकट. लाकडी कॅबिनचा ट्रक, बी-२७५, एखादी काळी-पिवळी, जीपच्या दांड्याची बंडी. मालकाचं नाव पाटीवर लिहा, पण त्याखाली हेही लिहा की काय बदललं, कशासाठी बदललं आणि कोणत्या मिस्त्रीनं, कोणत्या लोहारानं, कोणत्या लेथवाल्यानं. बॉनेट उघडं ठेवा. आयटीआयच्या पोरांना आत हात घालू द्या, काळे होऊ द्या.

शेड होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही एक करू शकता. ज्यांच्या गोठ्यात, वावरात, अंगणात अशी गाडी असेल त्यांनी तिचा फोटो, चेसिस नंबर आणि चार ओळी तुमच्याकडे पाठवाव्यात. तुम्ही आठवड्याला एक छापावी. राशिभविष्याच्या शेजारी दोन बोटं जागा पुरेल. भविष्य छापता, तर मागचंही थोडं छापा. मी माझ्या नऊ जीपांची वही काढून ठेवली आहे. त्यातल्या सहा कुठं गेल्या ते मला माहीत आहे. दोन बंड्यांखाली आहेत.

नववी ही पाटलांची. पाटील आता नव्वदीला टेकले. मागच्या महिन्यात त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मिस्त्री, पोरगं म्हणून राहिलं का शेड मोकळं करा, सोयाबीन ठेवाले जागा नाही." कबाडी येऊन गेला होता, अठ्ठावीस रुपये किलोनं बोलून गेला. इंजिन आधी उतरवून द्या म्हणाला, त्याचे वेगळे देतो. म्हणजे पन्नास वर्षांनी पुन्हा तेच काम, आणि तेही मीच करायचं.

मी खाली वाकून पाहिलं. पट्टी जागेवर आहे. बोल्टांना गंज आहे, पण पट्टीच्या कडेला मी छिन्नीनं कोरलेला आकडा दिसतो, ४. चौथ्या वेळचा पुठ्ठा. पाटलांना म्हटलं, पोळ्यापर्यंत थांबा. ते हो म्हणाले. पोरगा काही बोलला नाही, पण त्यानं सोयाबीनची दोन पोती तात्पुरती जीपमध्येच ठेवली आहेत.

पोळ्यापर्यंत जीप तिथंच आहे. कोणाला पाहायची असेल तर तुमच्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा, मी फाट्यावर येऊन थांबेन. सेल्फ गेलेला आहे, ढकलायला दोन माणसं सोबत आणावीत.

आपला,
एक जुना मोटर मिस्त्री
ता. हिंगणघाट, जि. वर्धा

(नाव छापू नये. तलाठ्याकडे अजून एक उतारा बाकी आहे.)